कमळाच्या देठातलं सूत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एखाद्या शेडचं दार उघडलं की आधी आवाज अंगावर येतो. शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. नजर स्थिरावली की हवेत तरंगणारे कापसाचे बारीक तंतू दिसू लागतात. माणसांच्या भुवयांवर, ट्यूबलाइटवर, विजेच्या वायरींवर ते बसलेले असतात.

टॉवेलचा माग थोडा वेळ थांबून बघण्यासारखा आहे. त्याला ताण्याचे दोन बीम असतात, एक ताठ ओढलेला, दुसरा सैल सोडलेला. धोटा एकदा जातो, दुसऱ्यांदा जातो, पण फणी हे दोन आडवे धागे विणलेल्या कापडापर्यंत नेत नाही. बोटभरही नसेल एवढं अंतर राखून थांबते. तिसरा धागा पडला की तिन्ही एकदम ठोकून पुढं नेते आणि त्या ठोक्यासरशी सैल ताण्याचे इवले इवले फेरे उभे राहतात. टॉवेलचा मऊपणा तो हाच.

अशाच एका शेडमध्ये, मेन स्विचच्या वर, काचेच्या चौकटीतलं एक चित्र होतं. काचेवर कापूस बसून चित्र धूसर झालं होतं. मागावरच्या पोराला विचारलं, "हा फोटो कुणाचा?" त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं काच पुसली. शिवलिंगाला घट्ट मिठी मारलेला मुलगा, रेड्यावर बसलेला यम, यमाच्या हातातला पाश, आणि लिंग फोडून बाहेर येणारा शंकर. "मार्कंडेय महामुनी," तो म्हणाला. "आमचं मूळ तिथनंच की, अण्णा." मग तुटलेली तार सांधायला तो पुढच्या मागाकडे गेला.

यंत्रमागांच्या शेडमध्ये हा मुलगा कसा आला, हे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. तो तेलंगणातून चालत आला, रेल्वेनं आला, दुष्काळात आला. आणि त्याच्यासारखे विणकामाचे देव-देवता जगभर होते. त्यांच्याशेजारी उभा केला की सोलापूरचा हा देव जास्त स्पष्ट दिसतो.

मार्कंडेयाची कथा घराघरात माहीत आहे. मृकंडू ऋषी आणि मरुद्वती यांना वर मिळाला तो सोळा वर्षांच्या गुणी मुलाचा. सोळावं संपलं, यम आला, मुलानं लिंगाला मिठी मारली, पाश लिंगावरही पडला आणि शंकरानं यमालाच मागे सारलं. कथा सगळ्या देशाची आहे. पद्मशाली विणकरांनी मात्र ती इथं थांबवली नाही. त्यांच्या सांगण्यात मार्कंडेयानं पुढे यज्ञ केला आणि त्यातून भावनाऋषी प्रकटले. देवांना नेसायला वस्त्र नव्हतं. भावनाऋषींनी विष्णूच्या नाभीतून उगवलेल्या कमळाच्या देठातून तंतू काढला, त्याचं सूत केलं आणि पहिलं वस्त्र विणलं. पद्माच्या तंतूंनी विणणारे ते पद्मशाली. भावनाऋषी वाघावर बसतात, असुरांशी लढतात. सूर्याची मुलगी भद्रावती ही त्यांची पत्नी. एडगर थर्स्टन यांनी दक्षिण भारतातल्या जाती-जमातींवरचे सात खंड १९०९ मध्ये प्रसिद्ध केले, त्यांतही भावनाऋषी आहेत.

कमळाच्या देठातून सूत ही नुसती कल्पना नाही. तळ्यातलं कमळ देठासकट ओढून मोडून बघा. दोन तुकड्यांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू ताणले जातात. म्यानमारमध्ये इनले सरोवराच्या काठी आजही बायका असे देठ मोडून, तंतू वळून त्यांचं कापड विणतात. ज्यानं ही कथा पहिल्यांदा रचली त्यानं कमळ हातात घेऊन मोडलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. देव बघण्याआधी त्यानं धागा बघितला.

आणि कोळी. तेलुगूत कोळ्याला म्हणतात सालेपुरुगु, म्हणजे साळ्याचा किडा, विणकर किडा. त्याचं जाळं ते सालेगूडु. संस्कृतात तंतुवाय या एकाच शब्दाचे दोन अर्थ, विणकर आणि कोळी, आणि अमरकोश दोन्ही नोंदवतो. माणूस विणायला बसला तेव्हा त्याच्या आधी कुणीतरी घराच्या कोपऱ्यात विणत बसलेलं होतं, हे भाषेनं विसरू दिलं नाही.

ही आठवण इतर देशांतही आहे. सुमेरमध्ये, आजच्या इराकच्या दक्षिणेला, कापडाचं खातं उत्तू नावाच्या देवीकडे होतं, आणि अभ्यासकांनी तिचं नाव कोळ्याशी जोडलं आहे. अमेरिकेतल्या नाव्हाहो लोकांना विणकाम शिकवलं ते कोळीबाईनं. ॲरिझोनातल्या कॅन्यन द शेई या दरीत वाळूच्या दगडाचा उंच सुळका आहे, तिथं ती राहते. तिच्या मागाचे आडवे दांडे आकाशाचे आणि पृथ्वीचे, ताण्याच्या काठ्या सूर्यकिरणांच्या. तान्ह्या मुलीच्या हातांवर कोळ्याचं जाळं चोळायची त्यांच्यात रीत आहे, मोठेपणी तिचे हात मागावर थकू नयेत म्हणून. पश्चिम आफ्रिकेत घानातल्या बोनवायर गावचे विणकर सांगतात की दोन शिकाऱ्यांनी अनान्सी कोळ्याला जाळं विणताना पाहिलं आणि त्यातून केंटे कापड आलं.

ग्रीकांची गोष्ट सर्वांत करुण आहे. लिडिया प्रांतातली आराक्नी, रंगाऱ्याची मुलगी, गरिबाघरची. तिच्यासारखं कुणी विणत नव्हतं आणि हे कौशल्य आपल्याला अथेना देवीनं दिलं असं म्हणायला ती तयार नव्हती. रोमन कवी ओव्हिड यानं इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीला ही कथा सविस्तर सांगितली. देवी आणि मुलगी समोरासमोर माग मांडून बसल्या. आराक्नीच्या कापडात देवीला एकही खोट सापडली नाही. म्हणून देवीनं ते कापड फाडलं आणि हातातला धोटा मुलीच्या कपाळावर मारला. मुलीनं गळ्याला फास लावून घेतला, तेव्हा देवीनं तिची कोळीण केली. ओव्हिडची कथा वाचताना मी प्रत्येक वेळी आराक्नीच्या बाजूचा होतो. जिच्या कापडात खोट नाही, तिला दुसरं काय सिद्ध करायचं असतं?

आता सोलापूरकडे येऊ. रेल्वे इथं १८६० मध्ये पोचली. तेलुगू विणकरांची काही घरं त्याआधीही सोलापुरात होती, पण लोंढा आला तो नंतर. निजामाच्या राज्यात, करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या भागांत, गावोगाव मागांची घरं होती. मँचेस्टरचं सूत आणि कापड बाजारात आलं, कोरडवाहू जमिनीनं पाठ फिरवली आणि माणसं पश्चिमेकडे सरकू लागली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानं दख्खनचं कंबरडं मोडलं. त्याच सुमाराला, १८७७ मध्ये, मोरारजी गोकुळदास यांनी सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी उभी केली. पुढं सगळं सोलापूर तिला जुनी गिरणी म्हणू लागलं. गिरणीत सूत निघू लागलं, त्या सुतावर हातमाग चालू लागले आणि रेल्वे लुगडी बाहेर नेऊ लागली. विणकराला आणखी काय हवं होतं?

आलेल्यांतले काही गिरणीत गेले, बरेचसे हातमागाच्या कारखान्यांत. हा कारखाना म्हणजे मालकाच्या घरातलाच लांब ओटा, खड्ड्यात पाय सोडून बसायचे माग, आणि त्यावर काम करणारे आसामी. कारखानदारानं उचल द्यायची, आसामीनं फेडत राहायचं. भाषा एक, जात एक, पुष्कळदा सोयरीकही एक, तरी हिशेबाची वही वेगळी. सोलापूरच्या कापडाचा इतिहास लिहिताना आपण गिरण्यांच्या भोंग्यांबद्दल खूप लिहितो. या ओट्यांबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे, आणि शहराचा सगळा पूर्व भाग त्यांच्यावर उभा आहे.

माणसांबरोबर देव कसा आला? काही अंशी तो चित्रपटातून आला, पडद्यावरच्या नव्हे, कापडावरच्या. तेलंगणात चेरियाल गावचे नक्काशी चित्रकार लांबच लांब पट रंगवतात. प्रत्येक जातीचे कथेकरी वेगळे, त्यांचे पट वेगळे. पद्मशालींचे कथेकरी कुनपुली. ते गावात आले की रात्री पट टांगायचा, एकेक चौकट उलगडायची आणि काठीनं दाखवत मार्कंडेयाची, भावनाऋषींची कथा गाऊन सांगायची. हा पट तयार कसा होतो ते ऐकण्यासारखं आहे. सुती खादीवर तांदळाची पेज, पांढरी माती, चिंचोक्याची खळ आणि डिंक यांचे थर द्यायचे, वाळवायचे, मग रंग. ताण्याला खळ देणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. विणकराचा देव विणकराच्याच कापडावर, खळ घेऊन बसला होता. गुंडाळला की काखेत मावायचा. गाव सोडताना दगडाची मूर्ती मागं राहते, पण असा देव बरोबर येतो. मुंबईत कामाठीपुऱ्यात, अहमदनगरात, पुण्यात, भिवंडीत, जिथं जिथं तेलुगू विणकर गेले तिथं मार्कंडेय गेले.

महाराष्ट्रात विणकराचा देव आधीपासून होता, आणि एकटा नव्हता. स्वकुळ साळी समाजाचे जिव्हेश्वर शंकराच्या जिभेतून, जिव्हेतून जन्मले. त्यांची जयंती श्रावण शुद्ध त्रयोदशीला. देवांग कोष्ट्यांची चौडेश्वरी. त्यांच्या कथेत देवल ऋषींना विष्णूच्या नाभीतून सूत घेऊन परतताना असुरांनी गाठलं, देवी धावून आली, आणि मारलेल्या असुरांचं पाच रंगांचं रक्त वाहिलं, त्यात ऋषींनी सूत रंगवून घेतलं. पांढरा, काळा, तांबडा, हिरवा, पिवळा. रंगाऱ्याचे कोपरापर्यंत रंगलेले हात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या कथेतलं रक्त परकं वाटणार नाही. सोलापूरच्या दक्षिणेला, आजच्या यादगीर जिल्ह्यातल्या मुदनूरला, अकराव्या शतकात देवर दासिमय्या होऊन गेले. विणकर, आणि कन्नड वचनकारांतले अगदी आधीचे. त्यांचं नाव घेणारी मंडळी आजही मागावर आहेत.

म्हणजे तीन भाषा, तीन समाज, आणि प्रत्येकाच्या कथेत कापड देवांसाठी विणलेलं. राजासाठी नाही, व्यापाऱ्यासाठी नाही. ज्याला जगात शेवटच्या पायरीवर बसवलं त्यानं आपल्या कथेत सांगितलं की तुमचे देव उघडे होते, आम्ही त्यांना झाकलं. यात गर्व आहे, आणि तो मला योग्य वाटतो.

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले. अडुसष्ट लिंगं, जानेवारीतली यात्रा, नंदीध्वज, आणि कुंभारकन्येशी योगदंडाचा विवाह, हे सगळं शहराचं मूळचं. तेलुगू विणकरांनी त्या यात्रेत भाग घेतलाच, पण स्वतःची तिथीही रुजवली. नारळी पौर्णिमा. त्या दिवशी मार्कंडेयाचा रथ निघतो आणि पूर्व भाग रस्त्यावर येतो. सकाळी जानवी बदलायची, मनगटाला राखी, आणि मग रथ. तेलुगूत या पौर्णिमेला जंध्याल पौर्णमी म्हणतात, जानव्यांची पौर्णिमा. तिचं आणखी एक नाव आहे, नूलु पुन्नमी. नूलु म्हणजे सूत. सुताची पुनव. कोळी बांधव समुद्राला नारळ देतात, बहिणी भावाला राखी बांधतात, आणि विणकर त्या दिवशी सुतालाच देव मानतात. तीनही एकाच चंद्राखाली.

इथं थोडं आकाशाकडे बघू. श्रावण महिन्याला नाव मिळालं ते श्रवण नक्षत्रामुळे. पौर्णिमेचा चंद्र त्याच्या आसपास असतो. श्रवणाचा ठळक तारा खगोलशास्त्रात अल्टेअर. त्याच्या उत्तरेला, आकाशगंगेच्या पलीकडच्या काठावर, अभिजित, म्हणजे व्हेगा. चीनमध्ये अडीच हजार वर्षांहून अधिक काळ या दोन ताऱ्यांची एक कथा सांगतात. अभिजित ही स्वर्गातली विणकर मुलगी झिन्यू, ढगांची वस्त्रं विणणारी. श्रवण हा तिचा नवरा, गुराखी. प्रेमात पडून दोघांची कामं थांबली म्हणून त्यांच्यामध्ये आकाशगंगेची नदी घातली गेली. वर्षातून एकदा, सातव्या चांद्रमासाच्या सातव्या रात्री, पक्षी पंखांचा पूल करतात आणि ती दोघं भेटतात. पूर्वी त्या रात्री चिनी मुली चंद्रप्रकाशात सुईत दोरा ओवायच्या, हाताला कसब मिळावं म्हणून. जपानमध्ये हाच सण तानाबाता. २०२३ मध्ये चीनचा हा सण २२ ऑगस्टला आला आणि आपली नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला. कधी अधिक महिन्यामुळे अंतर वाढतं, पण ऋतू तोच, तारे तेच.

अथेन्सचा मोठा उत्सवही याच दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये. अथेना देवीसाठी नवं वस्त्र विणायचं काम नऊ महिने आधी सुरू व्हायचं. देव आणि राक्षस यांची लढाई त्यात विणलेली असे. दर चार वर्षांनी येणाऱ्या महाउत्सवात ते वस्त्र चाकांवरच्या जहाजाला शिडासारखं बांधून शहरभर मिरवत नेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पपट्टी आहे, तिच्यात ते घडी केलेलं कापड कोरलेलं दिसतं. पद्मशालींच्या मिरवणुकांत काही ठिकाणी चालत्या वाहनावर हातमाग मांडतात, वाटेनं विणतात आणि ते वस्त्र देवाला वाहतात. अडीच हजार वर्षांचं आणि एवढ्या समुद्रांचं अंतर, आणि कल्पना तीच. चाकांवर कापड, गर्दीतून, देवाकडे.

या सणांचा एकमेकांशी संबंध होता असं मी म्हणत नाही. आपल्याकडच्या तिथीचं एक कारण मला जमिनीवरचं वाटतं. हातमागाच्या दिवसांत ताणा रस्त्यावर लांब पसरून खळ द्यायची, ब्रश मारायचा आणि उन्हात वाळवायचा. भर पावसाळ्यात ते जमत नसे. माग थांबत, माणसं मोकळी असत. सण तिथं बसतो जिथं हात रिकामे असतात.

पण एक फरक मला कितीतरी दिवस छळत होता. उत्तू बाई. मिसरची नीथ बाई, आणि मृतांच्या देहाला गुंडाळायच्या पट्ट्यांची ताइत हीही बाई. अथेना, झिन्यू, नाव्हाहोंची कोळीबाई, माया लोकांची इश्चेल, सगळ्या बाया. मग आपल्याकडे भावनाऋषी, जिव्हेश्वर, देवल, हे पुरुष कसे?

उत्तर मागाजवळ सापडतं. जिथं विणकाम घरातलं आणि बाईचं, तिथं देव बाई. सुमेरच्या गिर्सू शहरात चार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्या. हजारो विणकर बायकांना किती जव आणि किती लोकर दिली त्याचा हिशेब त्यांवर आहे. ग्रीक घरात माग बायकांच्या खोलीत असे. आपल्याकडे विणकाम फार पूर्वीच बाजारासाठी होऊ लागलं, जातीचा धंदा झाला, मागावर पुरुष बसला आणि देवही पुरुष झाला. बाई कुठं गेली? ती कांडी भरायला बसली, ताणा जोडायला बसली, सूत उकलायला बसली. कांडी नसेल तर धोटा रिकामा जातो, पण कापड विणलं कुणी विचारलं की नाव मागावरच्याचं येतं.

कथेतही तेच झालं. भद्रावती सूर्याची मुलगी आहे. उन्हाशिवाय ना कापूस पिकतो, ना खळ वाळते, ना रंग बसतो. कमळसुद्धा सूर्य उगवल्याशिवाय उमलत नाही. या सगळ्या कामातली निम्मी ताकद त्या एका नात्यात ठेवलेली आहे. तरी चित्रात ती ऋषींच्या शेजारी गप्प उभी असते. सोलापूरनं मात्र तिला एक जागा दिली. पूर्व भागात भद्रावती पेठ आहे. रोज पत्रं, कुरिअर, विजेची बिलं तिच्या नावावर येतात. शहरात किती जणांना माहीत असेल की ही पेठ सूर्याच्या मुलीच्या नावाची आहे?

तिच्या लेकींचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. हातमाग गेले, यंत्रमाग आले, कांडी भरायचं काम यंत्रानं घेतलं आणि पूर्व भागातल्या हजारो बायका विड्या वळू लागल्या. सुपात पानं, तंबाखू, आणि बांधायला पुन्हा दोराच. अक्कलकोट रस्त्यावरच, एमआयडीसी ओलांडून पुढं गेलं की कुंभारीला त्यांची मोठी वसाहत लागते, कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची. १०,००० घरं, २००६ मध्ये मिळालेली. नवरात्रात तेलुगू घरांतल्या बायका फुलांचा डोंगर रचून बतुकम्मा खेळतात. बतुकम्मा या नावाचा अर्थ इतकाच, आई, तू जग.

यंत्रमागांचा पसारा वाढला तसा तो पेठांतल्या ओट्यांवर मावेना. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालं, आणि पुढं सोलापूरच्या टॉवेल-चादरींनी अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये मोठा संसार मांडला. शहरातल्या जुन्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, हा धंदा टिकला. जेकार्डवर मोराच्या पिसाऱ्याची नक्षी उठवणारी चादर देशभर गेली. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक निर्देशांक मिळाला. नीलम नगरातून, आशा नगरातून माणसं सायकलवर, आता मोटरसायकलवर पाळीला येतात. भिंतीवरचा देव मात्र तोच राहिला. भावनाऋषी विणणारे, तर मग शेडमध्ये चित्र बहुतेक वेळा मार्कंडेयाचं का, हाही प्रश्न मला पडायचा.

त्याचं उत्तर मला जपानच्या एका कथेजवळ मिळालं. इसवी सन ७१२ मध्ये लिहिलेल्या कोजिकी ग्रंथात सूर्यदेवी अमातेरासूचं विणकामाचं दालन आहे. तिचा उच्छादी भाऊ सुसानोओ छताला भोक पाडून मेलेला, सोललेला घोडा आत टाकतो. दचकलेल्या विणकर मुलीला धोटा लागतो आणि ती मरते. सूर्यदेवी गुहेत जाऊन बसते, जग अंधारात बुडतं. एका विणकर मुलीला कामावर असताना मृत्यू आला म्हणून सूर्य मावळला, अशी गोष्ट एका समाजानं हजार वर्षांहून अधिक काळ जपली. मागावर मरण असतं हे विणकरांना कायम माहीत होतं. धोटा मागातून उडाला तर डोळा जाऊ शकतो. कापसाची धूळ छातीत बसते. आणि कापूस पेट घेतो. १८ मे २०२५ च्या पहाटे याच एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचे प्राण गेले.

ग्रीकांच्या तीन दैवकन्या माणसाच्या आयुष्याचं सूत धरतात. एक कातते, एक मापते, तिसरी कापते, आणि तिच्यापुढे देवांचंही काही चालत नाही. महाभारताच्या आदिपर्वात उत्तंक नागलोकात जातो तेव्हा दोन स्त्रिया काळ्या-पांढऱ्या धाग्यांचं कापड विणत बसलेल्या त्याला दिसतात, रात्र आणि दिवस. तिथंही माणसाच्या हाती काही नाही. पद्मशालींनी आपला मूळपुरुष निवडला तो असा, की ज्याच्या गळ्यात पाश पडला तरी त्यानं मिठी सोडली नाही. पाश म्हणजेही दोरच. विणकरानं दोर ओळखला आणि तो परतवणारा मुलगा आपल्या मागाच्या वर लावला. तेलंगणातून दुष्काळात निघालेल्या माणसांना विणायला शिकवणारा देव पुरेसा नव्हता, जगवणारा हवा होता. पुढं त्याच समाजानं सोलापुरात सहकारी तत्त्वावर रुग्णालय उभं केलं आणि त्याला नाव दिलं मार्कंडेय. विणकरांच्या देवाच्या नावानं दवाखाना. जगातल्या विणकामाच्या इतक्या देवी मी वर सांगितल्या, त्यांच्यापैकी दुसरी कुणी आज रुग्णालयाच्या दारावर असल्याचं माझ्या वाचनात नाही.

चेरियालला पट रंगवणारी घरं आता मोजकी उरली आहेत आणि त्यांचे पट कथेसाठी कमी, दिवाणखान्यासाठी जास्त विकले जातात. सोलापूरच्या पूर्व भागातली नवी पिढी मराठी आणि इंग्रजी शाळांत शिकते. तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही, अशी घरं पुष्कळ आहेत. पूर्व भागातल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात भावनाऋषींची कथा तेलुगूत सांगणारी अव्वा असेल, तर येत्या नूलु पुन्नमीच्या आधी एक दुपार तिच्याजवळ बसा. फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा. वाघाचं विचारा, असुराचं विचारा, आणि भद्रावतीचं आवर्जून विचारा, ती काय म्हणाली, तिनं काय केलं. मराठीत नंतर आणता येईल. आधी तिच्या शब्दांत राहू द्या.